गुणी नसलेल्या मुलाचे काय?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर येते आणि पुढे पाचगणी. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटातल्या वसतिशाळेचे चित्रीकरण याच पाचगणीत झाले. घाटाखालच्या महाड-पोलादपूरच्या अनेक शिक्षकांनी तो पाहिला असेल आणि डोळेही पुसले असतील. विकासात्मक अडचण असलेल्या मुलाला धाक-मार करून सुधारता येते का, या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही तो पुन्हा तपासायला घेत आहोत.

कथा थोडक्यात अशी. तिसरीतल्या ईशानला वाचता-लिहिता येत नाही. घरचे आणि शाळेतले त्याला आळशी व हट्टी समजतात. शिस्त लागावी म्हणून वडील त्याला वसतिशाळेत टाकतात. तिथे अपमान आहे, पट्टीचे फटकेही आहेत. याचा परिणाम काय होतो? वाचन तसूभरही सुधारत नाही. उलट हौसेने चित्रे काढणारा हा मुलगा चित्र काढायचेच सोडतो.

लेखक अमोल गुप्ते आणि दिग्दर्शक आमिर खान यांनी इथे अगदी नेमके बोट ठेवले आहे. शिक्षेने एखादे वर्तन काही काळ दबते, पण जे कौशल्य मुलाकडे नाही ते शिक्षेतून येत नाही. त्यातच घाबरलेल्या मुलाचे लक्ष छडीकडे लागते आणि अक्षरे ध्यानात ठेवायची शक्ती आणखी कमी पडते. मूल एकच गोष्ट पक्की शिकते, ती म्हणजे टाळणे. ईशान शाळा बुडवतो आणि भावाकडून रजेची खोटी चिठ्ठी लिहून घेतो, ते याच धाकापोटी.

विज्ञानाच्या बाजूने मात्र चित्रपट दोन ठिकाणी घसरतो. सॉलोमन बेटांवरचे लोक झाडाभोवती जमून शिव्याशाप देतात आणि झाड वाळून जाते, असे त्यात सांगितले आहे. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया होता, यालाही भरवशाचा पुरावा नाही. शाळेत त्याचे गणित उत्तम होते. मुलाला मारू नये हे पटवायला अशा दंतकथांची गरज पडू नये.

‘अक्षरे नाचतात’ असे ईशान म्हणतो. पण डिस्लेक्सियाची मुख्य अडचण सहसा डोळ्यांत नसते; ऐकलेला ध्वनी आणि लिहिलेले अक्षर यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. मराठीत हे कसे दिसते ते पाहा. ‘किती’मधली पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची मागून. ‘सूर्य’मधला र उच्चारायचा आधी, पण रफार द्यायचा पुढच्या अक्षरावर. शिवाय भ-म, घ-ध, ब-व या जोड्या आहेतच. एकच चूक दहा वेळा करणारे मूल कदाचित इथेच अडले असेल. ते मुद्दाम करते असे मानण्याचे कारण नाही.

आमचा खरा आक्षेप शेवटाला आहे. ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो, सगळे टाळ्या वाजवतात, वडिलांचे डोळे उघडतात. प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? ‘अशा मुलांत काहीतरी असामान्य दडलेले असते, म्हणून त्यांना मारू नये.’ मग ज्याच्यात असामान्य काहीच नाही, त्याचे काय? निकुंभ सर ‘ट्यूलिप्स’ या विशेष मुलांच्या शाळेतही शिकवतात. त्या मुलांपैकी कोणाच्याही वाट्याला स्पर्धा नाही आणि कथेत फारशी जागाही नाही. बौद्धिक अक्षमता असलेले मूल कदाचित कधीच बक्षीस आणणार नाही. त्याच्या पाठीवरची छडी तरीही चूकच ठरते.

महाडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी आधी गुणवत्ता सिद्ध केली नव्हती. माणूस असणे हेच त्या हक्काचे कारण होते. मुलाचा मार न खाण्याचा हक्कही त्याच जातीचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, ती सर्वच मुलांसाठी. दिव्यांग हक्क कायद्याने (२०१६) अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांना मान्यता दिली आहे.

पण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. डोंगरातल्या वाडीवरच्या पालकाला मुंबईतल्या तज्ज्ञापर्यंत पोचायचे तर दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आणि बुडालेली मजुरी, असा हिशेब असतो. निकुंभ सर जे करतात त्याला मात्र प्रमाणपत्रही लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही: वाळूत अक्षर गिरवणे, मातीतून आकार घडवणे, पायऱ्यांवर चढत-उतरत वजाबाकी करणे, लेखीऐवजी तोंडी उत्तर घेणे. सावित्रीच्या काठी वाळू आहे, प्रत्येक शाळेला पायऱ्या आहेत. मात्र चित्रपटात काही गाण्यांत घडणारी प्रगती वर्गात वर्ष-दोन वर्षेही घेईल, आणि ती थोडीच असेल.

म्हणून चित्रपट मुलांना जरूर दाखवावा; पण दिवे लागल्यावर वर्गाला एक प्रश्न विचारावा: ईशान स्पर्धा हरला असता, तर त्याला मारणे बरोबर ठरले असते का?