बर्फाचा सोबती

खेळण्याचें परीक्षण करणें म्हणजे वाङ्मयाची वेस ओलांडणें होय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु जींत कर्त्याची कल्पना, समाजाची चाल आणि घेणाऱ्याचा भाव हीं तिन्ही एकत्र येतात, ती वस्तु कागदावर छापलेली नसली तरी परीक्षणास पात्र आहे, असें आम्ही समजतों.

कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट ह्या कंपनीनें २००४ च्या नोव्हेंबरांत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ सुरू केला. इंटरनेटच्या साहाय्यानें दूरदूरचीं माणसें ह्या कल्पित जगांत एकत्र वावरतात, लढतात, व्यापार करतात. डिसेंबराच्या उत्तरार्धांत तेथें ‘विंटर व्हेल’ नांवाचा सण येतो. नाताळाचेंच तें रूपांतर आहे. आयर्नफोर्ज व ऑर्ग्रिमार ह्या राजधान्यांत झाडें सजतात आणि २५ डिसेंबरापासून त्यांखालीं भेटींच्या पेट्या मिळूं लागतात. पहिल्या कांहीं वर्षांत अशा पेटींतून चार चिमुकल्या सोबत्यांपैकीं एक निघे: बर्फाचा बाहुला, रेनडिअर, लाल पोशाखाचा मदतनीस किंवा हिरव्या पोशाखाचा. कोणता निघेल हें नशिबावर अवलंबून असे. ज्याला जो नको तो त्यानें दुसऱ्यास द्यावा, मित्रानें मित्राची आवड ओळखून आपला सोबती त्याच्या हवालीं करावा, ह्यास वाव होता.

हा बर्फाचा बाहुला करी तरी काय? कांहींच नाहीं. तो लढत नसे, ओझें वाहत नसे. धन्याच्या मागें मागें चाले, एवढेंच. परंतु त्याला बोलावण्यास एक अट होती. जवळ बर्फाचा गोळा असल्यावांचून तो येत नसे, आणि हे गोळे सणापुरतीं दुकानें मांडणारे व्यापारी विकीत.

ह्या एका अटींत रचनाकारांनीं, जाणून म्हणा वा नकळत म्हणा, मोठी मार्मिकता साधली होती, असें आमचें मत आहे. बर्फाच्या बाहुल्यास हिवाळा हवाच. ज्यानें गोळे साठवून ठेविले त्याला तो वैशाखांतही दिसे. पण दर हाकेस एक गोळा खर्ची पडे. साठा सरला कीं बाहुला थैलीच्या तळाशीं निजून पुढल्या डिसेंबराची वाट पाही. म्हणजे ज्यानें तो दिला त्याची आठवण काढावयाची तर कांहीं तरी वेंचावें लागे, आणि तें फार काळ पुरतही नसे. निरुपयोगी वस्तूला अर्थ कोठून येतो, ह्याचें इतकें सोपें उत्तर आम्हीं पुष्कळशा गंभीर ग्रंथांतही पाहिलेलें नाहीं.

पुढें ही व्यवस्था पालटली. २००८ च्या ऑक्टोबरांत सोबती थैलींतील वस्तु न राहतां शिकावयाची विद्या झाले. वस्तु एकदां वापरली कीं ती नाहींशी होई आणि तिचें नांव तेवढें यादींत उरे. कालांतरानें गोळ्याची अटही उठली. २०१२ सालीं खेळाडूच्या सर्व पात्रांस मिळून सोबत्यांची एकच वही झाली, आणि त्याच वेळीं सोबत्यांना झुंजविण्याची सोय निघाली. पंचविसाव्या पायरीपर्यंत त्यांस चढवितां येऊं लागलें. आमचा बाहुलाही त्या आखाड्यांत उतरला. जो केवळ बरोबर चालत असे, त्याच्या अंगीं आतां बळ किती, हें आंकड्यांनीं सांगतां येतें.

ह्या फेरफाराची दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाहीं. बोलावल्यावर न येणारें खेळणें हें मोडकेंच खेळणें, असें कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणें कठीण आहे. थैलींत जागा मोजकी, सोबती शेंकड्यांनीं. वही झाली म्हणून ते हरवत नाहींत. हा लाभ खरा आहे. मात्र तो संग्राहकाचा लाभ आहे. भेट घेणाऱ्याचा नव्हे. संग्राहकाला वस्तु किती आहेत हें हवें असतें. भेट घेणाऱ्याला ती कोणी दिली हें विसरावयाचें नसतें.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं दानाचें लक्षण सांगतांना दोन गोष्टी आवश्यक मानिल्या आहेत: देणाऱ्याचें स्वत्व सुटलें पाहिजे आणि घेणाऱ्याचें उत्पन्न झालें पाहिजे. ह्या लक्षणानें पाहतां नव्या व्यवस्थेंतही दान घडूं शकतें, कारण शिकून घेण्यापूर्वीं वस्तु हस्तांतरित होऊं शकते. पण लक्षण पुरें झालें तरी रस उरतोच असें नाहीं. त्या वहींत बाहुल्याच्या नांवाजवळ तो कोठून आला ह्याची नोंद असते. तेथें सणाचें नांव लिहिलेलें आढळतें. देणाऱ्याचें नांव तेथें नसतें. ज्या मित्रानें तो दिला त्यानें कदाचित् खेळ केव्हांच सोडला असेल. त्याची खूण वहीला ठाऊक नाहीं. पूर्वींही ती बाहुल्यावर कोरलेली नव्हती, हें खरें. परंतु गोळा विकत घेतांना, तो कोणासाठीं आपण घेत आहों, हें मनांत येण्यास एक क्षण तरी मिळत असे.

२०१९ च्या ऑगस्टांत ह्याच कंपनीनें २००६ सालच्या रूपांतील खेळ ‘क्लासिक’ ह्या नांवानें पुन्हां सुरू केला आणि असंख्य माणसें आपण होऊन त्या जुन्या गैरसोयींकडे परत गेलीं. ही केवळ गतकालाची हळहळ आहे, असें आम्ही मानीत नाहीं. सोय वाढली म्हणजे आनंद वाढतो हें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे; भेटीच्या ठिकाणीं तें तपासून पाहावें लागतें. पुढें जे कोणी असे सोबती घडवितील त्यांस आमची एवढीच सूचना आहे: त्यांना बळ देऊं नका, पायऱ्या देऊं नका, हिवाळ्याचा एक गोळा तेवढा परत द्या, आणि साधलें तर देणाऱ्याचें नांव.