दुसऱ्याची रेघ पुरी करताना

टॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलेल्या पुणे दरबाराच्या तैलचित्रात नजर आधी माणसांकडे धावते. तिला जरा थोपवावे आणि खांब पाहावेत. शनिवारवाड्यातल्या गणेश महालाचे हे खांब महिरपी तोलत मागे मागे सरकतात आणि महालाची खोली डोळ्यांत भरते. डॅनियल वास्तुचित्रणात मुरलेला. यथादर्शनावर त्याची पकड अशी, की एवढी गर्दी असूनही चित्रात कुठे कोंदटपणा नाही.

माणसे मात्र जेम्स वेल्सची. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करू लागला. चित्राचा विषय मॅलेटने जुळवून आणलेला टिपूविरुद्धचा पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तह, आणि तो झाला होता १७९० मध्ये. म्हणजे ज्या दरबाराचे चित्र करायचे, तो त्याने पाहिलेलाच नव्हता, डॅनियलनेही नाही. वेल्सने मग वाट धरली ती चेहऱ्यांची. सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांचा कोवळेपणा पाहा आणि शेजारी नाना फडणविसांचा लांबट, मिटलेला चेहरा. सत्ता कुणाच्या हाती आहे हे सांगायला वेल्सला दागिन्यांची गरज पडत नाही.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्सही. चित्र तसेच राहिले. वेल्सची मुलगी सुझॅना १७९९ मध्ये मॅलेटची पत्नी झाली आणि मॅलेटने अर्धवट काम डॅनियलकडे सोपवले. वेरूळच्या लेण्यांची वेल्सची रेखाटने त्याने १८०३ मध्येच २४ छापचित्रांत उतरवली होती, त्यामुळे हा हात त्याच्या परिचयाचा होता. दरबारातही तो वेल्सच्या चेहऱ्यांवर आपली छाप उमटवत नाही. त्यांना बसायला जागा देतो, प्रकाश देतो. काही चेहरे एकमेकांच्या शेजारी असूनही आपापल्या कागदावरच बसल्यासारखे वाटतात. हा सांधा दिसतो, आणि मला तो लपवलेल्या सांध्याहून आवडतो.

मॅलेटला हवे होते आपल्या यशाचे स्मारक. पण चित्र पुरे होईपर्यंत नाना १८०० मध्ये वारले होते आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या दारी बांधली गेली होती. मध्ये गेलेल्या वर्षांनी उत्सवाच्या चित्राला विलापाचा सूर दिला. वेल्सने ते वेळेवर पुरे केले असते, तर ती फक्त एका तहाची नोंद ठरली असती. पुढे १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातले महालही जळाले.

चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे, तर वेल्सची बरीचशी रेखाटने अमेरिकेत येल विद्यापीठाकडे. जमल्यास आधी रेखाटने पाहावीत, मग चित्र.