वाइतांगीच्या तहाचे दोन पाठ

एकाच तहाच्या दोन भाषांतील प्रती जुळल्या नाहींत तर प्रमाण कोणती, हा प्रश्न मराठ्यांच्या कागदपत्रांत वावरणाऱ्यांस नवा नाहीं. न्यूझीलंडांतील माओरी लोकांच्या हक्कांचें भांडण बहुतांशीं याच प्रश्नाचें आहे.

कॅप्टन हॉब्सन यानें ४ फेब्रुवारी १८४० रोजीं इंग्रजी मसुदा पाद्री हेन्री विल्यम्स व त्याचा पुत्र यांजकडे भाषांतरास दिला. ६ तारखेस वाइतांगी येथें सह्या सुरू झाल्या. एका रात्रीचें भाषांतर! इंग्रजी पहिल्या कलमांत सरदार आपलें सार्वभौमत्व राणीस देतात; माओरींत तेथें ‘कावानातांगा’ आहे. ‘गव्हर्नर’चें माओरी रूप ‘कावाना’, त्यास भाववाचक प्रत्यय लावून हा शब्द घडविला. आमचे वैयाकरण त्यास यौगिक म्हणतील. अर्थ कारभार, इतकाच. दुसऱ्या कलमांत इंग्रजी पाठ जमिनी, अरण्यें व मासेमारीच्या जागा यांचा कबजा राखून देतो. माओरी पाठ ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण सरदारकी, राखून देतो. विल्यम्सचें अज्ञान म्हणावें, तर १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचें भाषांतरही त्याचेंच. तेथें सार्वभौम सत्तेस ‘किंगितांगा’ व ‘माना’ हे शब्द आहेत. तहांत ते गळाले. हेतूविषयीं वाद चालो; शब्द त्यास ठाऊक होते, हें निर्विवाद.

रूथ रॉस यांनीं १९७२ च्या आपल्या लेखांत दोन्ही पाठ ताडून माओरी पाठासच तह मानलें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. मात्र घाईचा व विसंगत म्हणून तहाचेंच मोल उणें लेखण्याकडे त्यांचा कल दिसतो, तो आम्हांस पटत नाहीं. घाई करणाऱ्याच्या दोषाचा भुर्दंड ऐकणाऱ्यानें कां भरावा? १८७७ सालीं न्यायाधीश प्रेंडरगास्ट यानें हा तह शून्यवत् ठरविलाच होता. पुढें १९७५ च्या कायद्यानें स्थापिलेल्या न्यायाधिकरणानें २०१४ सालीं निर्णय दिला कीं, फेब्रुवारी १८४० मध्यें सही करणाऱ्या उत्तरेकडील सरदारांनीं सार्वभौमत्व दिलेंच नव्हतें.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या घोषणापत्राचें ३७ वें कलम मूलनिवासी जनांशीं झालेले तह पाळले जावेत असें म्हणतें. न्यूझीलंडनें तेव्हां विरुद्ध मत दिलें, २०१० सालीं पाठिंबा दिला. परंतु पाठ भिन्न असतां कोणता पाळावा, याविषयीं तें कलम मुकें आहे. राज्याराज्यांतील तहांसाठीं १९६९ चा व्हिएन्ना करार अधिकृत पाठांचा मेळ घालावा असें सांगतो. मेळ घालावयाचा तो दोन तुल्यबळ साक्षींचा. येथें सुमारें ५४० सह्यांपैकीं इंग्रजी प्रतीवर चाळीसही नाहींत.