ग्रंथालयातील गडकरी : वर्गीकरण आणि वाङ्मयाध्यापन

महाविद्यालयीन ग्रंथालयातील वर्गीकरण ही केवळ तांत्रिक व्यवस्था होय, असे मानून वाङ्मयाचे अध्यापक ते काम ग्रंथपालाकडे सोपवितात व मोकळे होतात. वस्तुतः कोणता ग्रंथ कोणत्या ग्रंथाशेजारी ठेवावा, हा निर्णय वाङ्मयविषयक असतो आणि म्हणून तो टीकेचा विषय व्हावयास हवा.

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत मेल्व्हिल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती रूढ आहे. तीत अमेरिकन वाङ्मयाला ८१० व इंग्रजीला ८२० हे अंक लाभले. मराठी मात्र ८९० या 'इतर' वाङ्मयांच्या गर्दीत ८९१.४६ येथे सापडते. या पक्षपाताविषयीची तक्रार रास्तच आहे. परंतु ग्रंथाच्या पाठीवरील अंक लांबला म्हणून विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यापुढील एका अंकाने. काव्याला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३, विनोदाला ७ असा हा अंक वाङ्मयप्रकाराचा असतो, आणि लेखकाची पाळी त्यानंतर येते.

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे उदाहरण घ्यावे. 'वाग्वैजयंती' काव्याच्या फडताळात, 'एकच प्याला' नाटकांत, विनोदी लेख तिसरीकडेच. त्यातून कवितेवर नाव 'गोविंदाग्रज', विनोदावर 'बाळकराम', नाटकावर गडकरी. मुखपृष्ठावरील नावाबरहुकूम नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने एका लेखकाचे तीन केले, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? पण गडकऱ्यांच्या प्रतिभेचे मर्म याच तीन फडताळांना जोडणाऱ्या गोष्टीत आहे. कल्पना ताणीत ताणीत तिच्या टोकापर्यंत नेण्याची त्यांची वृत्ती कवितेत उदात्त होते, बाळकरामाच्या लेखांत हास्यकारक होते आणि 'एकच प्याला'तील आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत ती एकाच वेळी हसविते व भयभीतही करते. तळीरामाला बाळकरामापासून तोडून वाचणाऱ्यास तो नाटकातील केवळ विनोदी पात्र वाटेल. आपले अभ्यासक्रमही काव्याची प्रश्नपत्रिका निराळी व नाटकाची निराळी असे आखलेले असल्यामुळे फडताळाने केलेली फाळणी वर्गात पक्की होते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीत (१९३३) हा दोष दूर झाला आहे काय? नाही, तेथेही प्रकार आधी आणि लेखक नंतर. मात्र लेखकांचा क्रम जन्मवर्षाने लागतो, ही तिची विशेष देणगी म्हणावी लागेल. वर्णानुक्रमाने लावलेल्या ग्रंथांतून काहीच बोध होत नाही. जन्मवर्षाने लावलेले फडताळ हे वाङ्मयेतिहासाचे एक प्रकरणच होय. अर्थात तेही निर्दोष नव्हे. रेव्हरंड टिळकांचा जन्म १८६१ चा व केशवसुतांचा १८६६ चा. म्हणून आधुनिक मराठी काव्याचा प्रारंभ ज्यांच्यापासून मानण्याची रीत आहे, ते केशवसुत टिळकांच्या मागे उभे राहतात. हा विरोध विद्यार्थ्याच्या नजरेस पडणे मला तरी इष्ट वाटते.

तो नजरेस पडावा, यासाठी विद्यार्थ्याला कपाटांपर्यंत जाता आले पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे रंगनाथनांच्या पाच सूत्रांतील (१९३१) तिसरे सूत्र. ग्रंथालयशास्त्राकडे वळण्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते व मुक्तप्रवेशाचा आग्रह त्यांनी या सूत्रांच्या आधारेच धरला. जेथे मागणीचिठ्ठी भरून खिडकीपाशी उभे राहावे लागते, तेथे विद्यार्थी ज्याचे नाव त्याला आधीच ठाऊक आहे तोच ग्रंथ मागू शकतो. बाळकराम त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

एक प्रत एकाच जागी राहणार, हे उघड आहे. विखुरलेला लेखक एकत्र आणण्याचे काम म्हणूनच तालिकेचे : 'गोविंदाग्रज : गडकरी, राम गणेश पाहा' एवढ्या एका ओळीचे. पत्रे जाऊन संगणक आला तरी ही ओळ कोणीतरी लिहावीच लागते. न लिहिल्यास 'गडकरी' शोधणाऱ्यास 'वाग्वैजयंती' मिळेलच अशी खात्री नाही. कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर, केशवसुत व कृष्णाजी केशव दामले, बालकवी व त्र्यंबक बापूजी ठोमरे ही नावे जुळविणे ग्रंथपालाइतकेच मराठी विभागाचेही काम आहे. पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थी एका सत्रात अशी यादी सिद्ध करू शकतील.