पन्नास टक्के म्हणजे नेमके काय?

शैक्षणिक संगणक-खेळांबरोबर आता शिक्षकांसाठी अहवालही मिळतो : प्रत्येक मुलाच्या नावापुढे रंगीत पट्टी, टक्केवारी आणि खेळण्यात गेलेली मिनिटे. नागपुरातील एका शिक्षक-कार्यशाळेत आम्ही असा अहवाल पाहिला. दशांश अपूर्णांकांच्या खेळात तीन मुलांच्या पट्ट्या सारख्याच होत्या, ५० टक्के. एका शिक्षिकेने विचारले, "मग उद्या वर्गात मी करायचे काय?" अहवालात याचे उत्तर नव्हते.

ते का नव्हते, हे एका उदाहरणाने पाहू. पुढील जोड्यांतील मोठी संख्या ओळखायची आहे : ०.४ व ०.३५, ०.६२ व ०.५, ०.७ व ०.१२८, ०.८७५ व ०.३. एक मूल दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचते. ३५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठे. त्याची दुसरी व चौथी जोडी बरोबर येते. दुसऱ्याला वाटते, सहस्रांश हा दशांशाहून लहान, म्हणजे अंक जास्त तेवढी संख्या लहान. त्याची पहिली व तिसरी बरोबर येते. तिसऱ्याने अंदाजाने खुणा केल्या, दोन जमल्या. गुण तिघांना सारखेच!

पण पहिल्याला ०.४ म्हणजे ०.४० हे दाखवायला हवे. दुसऱ्याला, तुकडा केवढा याबरोबर तुकडे किती हेही पाहावे लागते, हे समजावायला हवे. तिसऱ्याशी आधी बोलायलाच हवे. खेळाने प्रत्येक उत्तर नोंदवलेले असते. सरासरी काढताना ही सारी माहिती पुसली जाते. दोष नोंदीचा नाही, मांडणीचा आहे.

शिवाय ती पट्टी खरोखर कोणाची? बडोद्याच्या महापालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे संगणक-खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले बसत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मुलांचे गणित सुधारले. मात्र ती सुधारणा मोजली होती स्वतंत्र चाचणीने. खेळ थांबल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरलाही. खेळातील गुण आणि टिकाऊ आकलन एकच मानू नये, ते यासाठी.

म्हणून अहवाल देणाऱ्यांकडे आपण टक्केवारीऐवजी चुकांचे गट मागावेत. तोवर वरच्या चार जोड्या फळ्यावर लिहून पाहाव्यात. वह्या तपासताना किती चुकल्या हे मोजण्याआधी कोणत्या चुकल्या, ते पाहावे.