मस्तकी दिवा, हात मोकळे

स्वीडनमधील संत लुसियाचा दीपोत्सव पाहण्याचा योग आला तो स्टॉकहोमला स्थायिक झालेल्या मित्रांमुळे. त्यांतील एक शहापूरचा, दुसरा मुरबाडचा. १३ डिसेंबरच्या सकाळी सात वाजता आम्ही एका लूथरन चर्चमध्ये दाटीवाटीने बसलो होतो. बाहेर मिट्ट काळोख. त्या दिवसांत तेथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. चर्चमधले दिवे मालवले गेले. मागील दारातून गाण्याचे सूर आले आणि शुभ्र झगा, कमरेला तांबडी पट्टी व मस्तकी दीपांचा मुकुट ल्यालेली कुमारिका सख्यांसह संथ पावलांनी वेदीकडे निघाली.

प्रयोग म्हणून हे दृश्य अप्रतिम होय. संवाद नाही, निवेदन नाही. काळोख हाच रंगमंच. आपल्या नाताळच्या नाटुकल्यांत ध्वनिक्षेपकावरून चाललेल्या अखंड बडबडीची आठवण होऊन मला क्षणभर ओशाळल्यासारखे झाले.

परंतु दुसऱ्या गीतापाशी मन शंकित झाले. हिच्यात लुसिया कोठे आहे? सिसिलीतील सिराक्यूज नगरीत, सम्राट डायोक्लेशियनच्या छळकाळात, इसवी सन ३०४ च्या सुमारास प्राण अर्पिलेली ही रक्तसाक्षी. पहिल्या कृतज्ञता-प्रार्थनेत आगाथा व आग्नेस यांच्या मध्ये तिचे नाव आपण ऐकतो. येथे तिच्या रक्ताची खूण उरली आहे ती त्या तांबड्या पट्टीत. गीताची चालदेखील नेपल्सच्या एका नावाड्याच्या गाण्याची. तो बिचारा सांता लुसिया नावाच्या किनाऱ्यावर लोकांना नौकाविहाराला बोलावतो, संतेशी त्याला काही कर्तव्य नाही! त्या चालीवर आर्विद रोसेन यांनी १९२८ साली स्वीडिश शब्द रचले. त्याच्या आदल्याच वर्षी स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा भरवली होती. संतेची जागा सुंदरीने घेण्यास तेथून वाट मोकळी झाली, असे माझे मत आहे. धर्मसुधारणेने संतभक्ती दूर सारलेल्या देशात एक संत टिकून राहावी याचे कौतुक वाटते खरे, पण ती टिकली ती आपली कथा गमावून.

हे मत मी चर्चबाहेर बर्फात उभा राहून मोठ्या आवेशाने मांडले. मुरबाडचा मित्र म्हणाला, “तुम्ही खरी लुसिया पाहिलीच नाही. उद्या पहाटे घरी दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने आम्हांला उठवले. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, त्यात बॅटरीचे दिवे आणि हातात तबक: कॉफी व केशर घातलेले पिवळेधमक पाव. घरोघरीची मूळ रीत हीच. आख्यायिका अशी की भुयारांत लपलेल्या ख्रिस्ती लोकांना लुसिया अन्न पोहोचवी. दोन्ही हात अन्नाने भरलेले, म्हणून तिने दिवा डोक्यावर बांधला. म्हणजे तो मुकुट अलंकार नव्हेच, ती कामकरी बाईची युक्ती! चर्चमधील लुसियाचे हात जोडलेले होते, रिकामे होते. प्रयोगाचे वैगुण्य मला तेथे सापडले.

“आई अशीच यायची,” मित्र कॉफी ढवळत म्हणाला. “डोक्यावर हंडा, कडेवर धाकटा आणि मोकळ्या हातात कंदील.” तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते, शहापूरच्या कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही. लेकीने आणखी पाव आणले.

यंदा आमच्या तरुण मंडळींनी नाताळच्या कार्यक्रमात लुसिया बसवायचे ठरविले आहे. मुकुटासाठी दिव्यांच्या माळा मुंबईहून आणण्याची चर्चा चालू आहे. माझी सूचना एवढीच आहे की मुकुट कसाही चालेल, मुलीच्या हातांत भाकरीची टोपली द्यावी, आणि ती वेदीपाशी न थांबता मागच्या बाकांपर्यंत जावी.