वर्तमानपत्राचा कल आणि वर्तमानपत्रातला आकडा

‘विश्वासार्ह वर्तमानपत्र कोणते?’ हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघतो, आणि बहुतेकांजवळ उत्तरही तयार असते. अमुक पत्र अमक्या पक्षाचे, तमुक पत्र तमक्या साखर कारखान्याच्या संचालकांचे. तेव्हा ते वाचायचे कशाला? सातारा-सांगलीकडे तर मालक, कारखाना आणि पक्ष यांची नाती चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ असतात. या उत्तरात दोन निराळ्या मोजमापांची गल्लत होते, असे आम्हांला वाटते. पत्राचा कल कोणीकडे आहे ही एक गोष्ट, आणि त्यातली माहिती खरी आहे का ही दुसरी.

प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरला शून्यांक त्रुटी असते. ती ठाऊक असली की प्रत्येक वाचनातून आपण ती वजा करतो आणि काम भागते. ज्या कॅलिपरचा जबडाच खिळखिळा आहे, दर वेळी निराळे वाचन देतो, त्याला मात्र इलाज नाही. उघडपणे एका बाजूचे वर्तमानपत्र पहिल्या जातीचे असू शकते. उलट ‘यांचे म्हणणे असे, त्यांचे म्हणणे तसे’ एवढेच छापून दोघांचेही न तपासणारे पत्र दिसायला निःपक्षपाती, पण उपयोगाला शून्य.

तरीही कल निरुपद्रवी असतो असे नाही. १८८१ साली निघालेला ‘केसरी’ कधीच तटस्थ नव्हता, तसा त्याचा दावाही नव्हता. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे अशी त्याची आणि ‘मराठा’ची खात्री होती. त्या भरात दिवाण बर्वे यांच्या नावाची पत्रे खरी मानून छापली गेली, आणि ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर किती कठोर चिकित्सक होते हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्याही हातून हे निसटले. छत्रपतींविषयी सहानुभूती असणे हा दोष नव्हता. पण त्या सहानुभूतीशी जुळणारा कागद समोर आला तेव्हा तो तपासावा अशी निकड भासली नाही. कल स्वतः चूक करत नाही. कोणती चूक बिनतपासणीची आत येईल, हे तो ठरवतो.

आता अलीकडचे उदाहरण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर का आला याची चार कारणे छापून येत होती: अतिवृष्टी, कोयनेतून सोडलेले पाणी, अलमट्टीची फुगवटी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे. प्रत्येक कारणाला एक आरोपी चिकटलेला आहे, हे ध्यानात घ्या. अलमट्टी म्हटले की कर्नाटक, कोयना म्हटले की आपले जलसंपदा खाते, अतिक्रमण म्हटले की नगरपालिका, महापालिका आणि बांधकाम व्यावसायिक. अतिवृष्टी म्हटले की कोणीच नाही. म्हणून पहिल्या पानावर कोणते कारण आले आणि कोणते सातव्या पानावर गेले, हे पाहिले की कल समजतो. तो समजायला संपादकाचा पक्ष माहीत असण्याची गरज नाही.

माहितीची पारख मात्र निराळ्या रीतीने करावी लागते, आणि इथे विज्ञानाच्या शिक्षकाचा हात कोणी धरू शकणार नाही. क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हे घनफळ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक लाख क्युसेक दिवसभर सोडले तर ८.६४ अब्ज घनफूट, अर्थात ८.६४ टीएमसी पाणी जाते. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, अलमट्टीची सुमारे १२३. ‘एका दिवसात धरणातून ५० टीएमसी सोडले’ असे कोणी छापले, तर त्याला जवळजवळ पावणेसहा लाख क्युसेक विसर्ग लागेल, हे आठवीचा विद्यार्थीही पडताळू शकतो. ‘धरणात आज एक लाख क्युसेक साठा आहे’ असे वाक्य आढळले, तर त्या बातमीदाराच्या पुढच्या आकड्यांकडेही जपून पाहावे.

अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि सांगली तिथून नदीमार्गे दोनशेहून अधिक किलोमीटर वर आहे. ‘सांगली शहर उंचावर, म्हणून प्रश्नच मिटला’ असे कोणी लिहिले, तर तेही घाईचे. वाहत्या नदीत बांधामागची पाण्याची रेषा सपाट नसते, ती वर चढत जाते. किती, ते गणिताने ठरवावे लागते. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टी आणि हिप्परगी यांना दोष दिला नाही. अतिवृष्टी आणि पात्रातील अडथळे यांवर बोट ठेवले. हा निष्कर्ष सर्वांनाच पटला असे नाही. पण त्याला विरोध करणाऱ्या लेखात पातळी, विसर्ग आणि तारीख आहे की नुसता संताप आहे, हे पाहता येते.

आकड्याला वेळही असते. ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला बोट उलटली. मृतांचा आकडा पहिल्या दिवशी नऊ होता, पुढे तो सतरावर गेला. पहिल्या दिवशी नऊ छापणारे पत्र खोटे नव्हते. वर्षभरानंतरच्या आठवणीत नऊच छापणारे पत्र मात्र स्वतःचे जुने अंकही वाचत नाही, असे म्हणावे लागेल.

आमची खरी तक्रार आणखी एका ठिकाणी आहे. चार कारणांपैकी तीन धरणांशी आणि ढगांशी संबंधित, म्हणजे सगळी गावाबाहेरची. त्यांवर स्तंभच्या स्तंभ लिहिले गेले. चौथे गावातले, आणि त्याचा पाठपुरावा सर्वांत लवकर थंडावला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर आखलेली असते. गृहप्रकल्पाच्या पानभर जाहिरातीत पत्ता दिलेला असतो. तो पत्ता त्या नकाशावर शोधायला विद्यार्थ्यांना एक तास पुरतो.